वहिनींचं गिऱ्हाईक

लातूरला ज्या घरानं मला जेवू घातलं, त्याच घरातल्या एका माणसाचा मी आयुष्यभर हेवा करत आलो. त्या माणसाच्या हातची भाकर मी रोज खात होतो, आजारी पडलो तर माझ्या उशाशी गरम पाणी त्यानंच आणून ठेवलेलं असायचं, आणि तरी रोज सकाळी डोळा उघडला की पहिला विचार यायचा, आज गिऱ्हाईक कुणाचं नाव घेईल? माझं की त्यांचं? तो माणूस म्हणजे आमच्या वहिनी.

शाळा माझी सातवीतच सुटली. कशी सुटली ते सांगत बसत नाही, आमच्या भोकरकडच्या गावात तेव्हा निम्म्या पोरांची तशीच सुटायची. लातूरला आलो तो अण्णांच्या आधारानं. अण्णा म्हणजे स्टुडिओचे मालक. गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत पुढं स्टुडिओ आणि मागं घर, मधे एक जाड हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडं पावडरचा आणि डार्करूममधल्या औषधांचा वास, पलीकडं फोडणीचा. सकाळी माईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, स्टोव्हला हवा मारायला घेतली की मी उठायचो. मग बाहेर हातगाड्यांची खडखड, अण्णांचं लांबलचक खाकरणं, आणि डार्करूमच्या नळाची टिपटिप, जी कुणालाही कधी बंद करता आली नाही. नाश्त्याला बहुतेक सुशीला असायचा, चुरमुऱ्याचा, वर भरपूर शेंगदाण्याचा कूट. दुपारी ज्वारीची भाकर आणि येसराचा मसाला घातलेली आमटी. मी मुद्दाम एक भाकर कमी खायचो. कुणी काही बोललं नव्हतं, पण परक्याच्या घरात माणूस जास्त जेवला की लोकांच्या ध्यानात येतो, अशी मला कायम भीती. माईंना ते कळायचं. "आरं दिग्या, आमची भाकर गोड लागत न्हाई का तुला? का तुझ्या आईनं अर्धं पोट शिवून धाडलंय?" असं म्हणून त्या ताटात आणखी एक टाकायच्या. मी खाली मान घालून खायचो. ते उपकार माझ्याकडून फिटले नाहीत, फिटणारही नाहीत.

अण्णांनी मला झाडण्या-पुसण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत आणलं. पासपोर्टचे, शाळेचे, जोडप्याचे, बारशाचे, सगळे फोटो पुढं पुढं मीच काढायला लागलो. अण्णांची नजर कमी झाली होती, आणि त्यांचा मुलगा, आमचे दादा, औशाला शाळेत मास्तर. त्यांना कॅमेऱ्याचा कंटाळा. त्यामुळं माझ्या मनात पक्कं झालं होतं की खुर्चीसमोरची ती जागा माझी. माझं काम स्वच्छ होतं. दोन्ही बाजूंनी सारखा लाईट, हनुवटी थोडी वर, नजर माझ्या बोटाकडं, हलू नका, झालं. एकही फोटो हललेला नाही, एकाचाही डोळा मिटलेला नाही. लोक घेऊन जायचे, कुणी तक्रार करायचं नाही. कुणी दुसऱ्यांदा माझं नाव घेऊन यायचंही नाही, हे मात्र वहिनी येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दादांचं लग्न झालं आणि वहिनी नांदेडहून आल्या. बारावी शिकलेल्या, बोलायला मोकळ्या. मला पहिल्या दिवसापासून "भावजी" म्हणाल्या. त्यांच्या माहेरी कुणी फोटोग्राफर नव्हतं. एकदा एक बाई मुलीला स्थळासाठी फोटो काढायला घेऊन आल्या आणि ती पोरगी माझ्यापुढं लाकडासारखी बसली. अण्णा पडद्यातून म्हणाले, "सूनबाई, जरा येऊन बसा तिच्याजवळ." वहिनी आल्या, पीठ लागलेले हात पदराला पुसत. त्यांनी पोरीच्या आईला गोलाईत पाठवलं, "काकू, तेवढी माझ्यासाठी हिरवी मिरची घेऊन येता का?" आई गेली तशी पोरगी जरा सैल झाली. मग वहिनींनी तिला विचारलं, "फोटो कुणाला दाखवणार हायेत गं?" ती म्हणाली, "मला काय माहीत, मामा घेऊन जाणारेत." "बरं, तुला कुणाला दाखवावा वाटतो?" पोरगी हसली. आणि वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, दाबा की."

मी दाबलं. तो फोटो अण्णांनी शोकेसमध्ये लावला. काढला मी होता, पण गल्लीत सगळे म्हणायचे, सूनबाईंनी काढलेला.

तिथून सुरू झालं. वहिनी कॅमेरा शिकल्या, मीच शिकवला; अण्णांनी सांगितल्यावर नाही कोण म्हणणार. फोकस कसा बघायचा, फिल्म कशी चढवायची, सगळं दाखवलं, आणि दाखवताना मनात म्हणत होतो, हे तरी विसरू देत. थोड्याच दिवसांत बाकावर बसलेले लोक विचारायला लागले, "बाई हायेत का?" मी म्हणायचो, मी काढतो ना. "न्हाई, थांबतो आम्ही. सैपाक उरकू द्या त्यांचा." मी रिकामा उभा आणि समोर लोक वहिनींचा स्वयंपाक उरकायची वाट बघत बसलेले, हे दुःख ज्याचं त्यालाच माहीत. मग त्या आल्या की खुर्चीकडून हसण्याचा आवाज यायचा. माझ्या फोटोच्या वेळी आजवर कुणी हसलं नव्हतं. मी पडद्याजवळ उगाच काहीतरी पुसत उभा राहायचो, की बाई नेमकं करतात तरी काय.

करत काहीच नव्हत्या, हेच मला सोसत नव्हतं. आलेल्या माणसाला त्या आधी नुसतं बसवायच्या. कॅमेरा झाकलेला. पाणी द्यायच्या, जेवून आलात का विचारायच्या. उपाशी माणसाचा फोटो काढायच्याच नाहीत. बरोबर आलेल्या नातेवाईकांना काही ना काही निमित्त काढून बाहेर पाठवायच्या. आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, फोटो कुणाला द्यायचाय? एक म्हातारे होते, त्यांना लष्करातल्या मुलाला फोटो पाठवायचा होता. ते नवं कडक धोतर नेसून आले तर वहिनींनी त्यांना परत पाठवलं. "बाबा, पोरानं तुम्हाला ह्याच्यात कधी बघितलंय का? घरात नेसता ते नेसून या उद्या." मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. म्हातारे दुसऱ्या दिवशी मळकं धोतर नेसून, येताना कणसं घेऊन हजर.

मीही एकदा तो प्रश्न वापरून बघितला. एक हवालदार साहेब आले होते. मी पाणी दिलं, जेवलात का विचारलं, आणि वहिनींसारखा सूर लावून म्हणालो, "साहेब, फोटो कुणाला द्यायचाय?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "तुला काय करायचंय रे? चौकशी मी करत असतो." पडद्याआड माईंना हसून ठसका लागला. मी निमूट म्हणालो, हनुवटी वर, हलू नका.

आता माझे केस पांढरे झाले. मोबाईलनं सगळ्यांनाच फोटोग्राफर केलं, तरी लग्नाचा, कामाचा, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा चांगला फोटो हवा असला की लोक विचारायला येतात, कुणाकडं जावं? मी मनापासून सांगतो. शोकेसमधले फोटो बघून हुरळू नका, ते निवडून काढलेले असतात. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांचे काढलेले दाखवा म्हणावं. बोर्डावर नाव एकाचं असतं आणि बटण दुसराच दाबतो, तेव्हा काढणार कोण ते आधी विचारा आणि त्या माणसाशी चार शब्द बोलून बघा. बोलताना तुमचा जीव अवघडला तर फोटोतही अवघडणार, मग कॅमेरा कितीही भारी असू द्या. आणि फोटो कशासाठी हवा ते न लाजता सांगा. ह्यातलं एकही वाक्य माझं नाही, सगळी वहिनींची आहेत. लोक मान डोलावतात, आणि वहिनींचा नंबर मागतात.

तर मूळ गोष्ट अशी, की माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. आईचा निरोप आला, मामा स्थळं बघून राहिलेत, चांगला फोटो धाड. माझ्याकडं सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शिक्षण सातवी, जमीन म्हणावी इतकी नाही, राहायला दुसऱ्याच्या घरात. स्थळाच्या पाकिटात घालायला एक फोटोच काय तो माझा. तो बघून मुलीकडच्यांनी बोलावलं तर बोलावलं, नाहीतर फोटो परत. आमच्याकडं नकार तोंडानं देत नसत, फोटो परत यायचा.

वहिनी जेवायला वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, मी काढू का तुमचा?"

"नको," मी म्हणालो. "माझा मी काढतो."

"स्वतःचा स्वतः?"

"का? फोटोग्राफर आहे मी."

अण्णा आमटीचा भुरका मारून म्हणाले, "न्हावी सोताची दाढी करतोच की. काढू द्या."

दुपारी स्टुडिओत कुणी नसताना मी दोन्ही लाईट लावले, कॅमेऱ्याचा टायमर दाबून पळत जाऊन खुर्चीवर बसलो, हनुवटी वर केली, श्वास रोखला. अंगात स्टुडिओचा कोट. हा कोट म्हणजे काळा, एकाच मापाचा, गिऱ्हाईकासाठी खुंटीला टांगलेला. ढगळ झाला तर मागून चिमटे लावायचे, घट्ट झाला तर मागची शिवण उसवलेलीच होती. बरोबर लाल टाय, गाठ कायमची मारलेली, रबरानं गळ्यात अडकवायची. लातूर तालुक्यातल्या कितीतरी पोरांची लग्नं त्या कोटावर जमली होती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून मी गालावरचा लहानपणीच्या फोडाचा खड्डाही भरून काढला. फोटो नुसता चकचकीत. वहिनींनी बघितला आणि पीठ मळायला आत गेल्या. मला वाटलं, जळल्या.

पहिला उमरीला गेला. परत आला. मनाला फार लागलं, पण म्हटलं असेल काही, पत्रिका नसेल जुळली. दुसरा मामांनी शिरूर अनंतपाळला धाडला. तो घेऊन मुलीचे वडील स्वतःच स्टुडिओत उभे राहिले. ते बाजाराला लातूरला आले होते, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. मी तिथंच होतो, अण्णा बाकावर. त्या गृहस्थांनी खिशातून पाकीट काढलं, माझा फोटो अण्णांपुढं धरला.

"ह्ये हितलंच ना?"

"हितलंच," अण्णा म्हणाले. "हा काय, समोर उभा हाय नवरदेव."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. मग पिशवीतून आणखी एक फोटो काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. दुसऱ्या फोटोत एक अनोळखी पोरगा होता, हनुवटी वर करून, डोळे ताठ. तोच कोट. तोच लाल टाय. टायची गाठ त्याच बाजूला किंचित वाकडी.

"ह्यो माझा पुतण्या," ते म्हणाले. "दोन सालामागं तुमच्याकडंच काढलेला. घरात भिताडावर असतो, काढून आणलाय. तुमचा आला तर पोरीनं भिताडाशी धरून बघितला. म्हणली, बाबा, ह्यो कोट आपल्या घरात आधीच हाय. आत कोण हाय त्ये इचारून या."

अण्णा इतके हसले की त्यांना खोकला लागला. माई पडद्यातून बाहेर आल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं, कारण तो पुतण्या मला आठवला. त्याचा फोटो मीच काढला होता, अगदी असाच.

"न्हाई म्हणून आलो न्हाई मी," ते गृहस्थ माझ्याकडं बघून जरा मऊ आवाजात म्हणाले. "पोरगी बिगर कोटाचा फोटो बघते म्हणली. सांजच्या गाडीनं जायचंय मला. तवर हुईल का?"

"तुम्ही बघितलंच की त्याला आता," माई म्हणाल्या.

"मी बघून काय करू माई? नांदायचंय तिला."

मी कॅमेऱ्याकडं वळलो, पुन्हा टायमर लावावा म्हणून. माईंनी माझा दंड धरला. "गुमान बस खुर्चीवर. सूनबाई, या बाहेर."

असा मी वहिनींचं गिऱ्हाईक झालो. त्यांनी पाहुण्यांना अण्णांबरोबर चहाला पाठवलं. मला पाणी दिलं. मी पाण्याकडं बघितलं आणि मनात म्हणालो, आता विचारतील जेवलात का.

"जेवलात का भावजी?"

"तुम्हीच वाढलं की."

"बरं. फोटो कुणाला द्यायचाय?" विचारता विचारता त्यांनाच हसू आलं, पण मला येईना. त्यांची प्रत्येक युक्ती मला पाठ होती, पडद्याआडून पाठ केलेली, आणि म्हणूनच एकही लागू पडेना. खुर्चीवर बसल्यावर प्रथमच कळलं की त्या कॅमेऱ्याच्या काचेपुढं माणूस किती उघडा पडतो. हात कुठं ठेवावा सुचत नाही. तोंड स्वतःचं राहत नाही. आणि मनात एकच चाललेलं, हाही परत आला तर आई कुणाकुणाला काय सांगेल, आणि मी ह्या घरात अजून किती वर्षं दुसऱ्याची भाकर खात राहणार. वहिनी कॅमेऱ्यावर वाकून आत बघायच्या, मान हलवायच्या, पुन्हा बघायच्या. मग त्यांनी एक लाईट बंदच करून टाकला आणि दुसरा ओढत ओढत पार माझ्या कडेला, भिंतीजवळ नेला.

मला राहवेना. "वहिनी, तिथं नाही."

"का?"

"अर्धं तोंड काळं येईल."

"येऊ द्या की."

"अहो येऊ द्या काय! लाईट समोर पाहिजे. मी शिकवलं होतं तुम्हाला, दोन्हीकडून सारखा पडला पाहिजे. नाकाची सावली बघा कुठं चालली. एवढी वर्षं करून राहिलो मी हे काम, आणि लोक म्हणतात बाईंनाच काढू द्या, बाईंनाच..." मी खुर्चीत पुढं वाकलो होतो, हात वर करून लाईट कुठं हवा ते दाखवत होतो, कान तापले होते. पहिल्यांदाच त्यांची चूक माझ्या हाती लागली होती आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती.

खट् असा आवाज झाला.

"झालं," वहिनी म्हणाल्या.

"काय झालं? मी बोलत होतो."

"हो ना. छान बोलत होतात."

फोटो त्यांनीच धुतला. मला डार्करूममध्ये येऊ दिलं, पण पेन्सिलला हात लावू दिला नाही. ताटलीतल्या औषधाखाली कागदावर आधी डोळे उमटले, मग हात, मग गाल, खड्ड्यासकट. निम्मं तोंड सावलीत. उरलेल्या निम्म्यात एक माणूस होता, काहीतरी जीव तोडून सांगणारा, थोडा चिडलेला, पण असा की त्याच्याशी भांडावंसं वाटावं. तो माणूस मला आवडला. मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं. आणि लगेच तो जुना हेवा वर आला, की हे मला कधीच जमलं नसतं. वहिनींनी ती चूक मुद्दाम केली होती का, हे मी त्यांना पुढं अनेकदा विचारलं. त्या म्हणतात, "आठवत नाही हो." त्यांना माहेरच्या गल्लीतल्या कुत्र्यांची नावं आठवतात, हे आठवत नाही.

ओला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून ते गृहस्थ सांजच्या गाडीनं गेले. पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. दाराशी सायकल थांबली की वाटायचं, परत आला. जेवण जाईना, आणि ह्यावेळी माईंनीही आग्रह केला नाही, नुसत्या माझ्याकडं बघायच्या. दारात कुणी आलं की माझ्याआधी वहिनी बाहेर यायच्या. शेवटी आला तो निरोप, फोटो नाही. पाहुण्यांनी बघायला बोलावलंय.

आम्ही गेलो, मामा, अण्णा आणि मी. ओसरीवर सतरंजी, समोर पोह्यांच्या बश्या, आणि भिंतीवर कोटातला पुतण्या माझ्याकडं बघतोय. मुलगी आली, बसली. मामांनी नाव विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं, ती येतो म्हणाली. मग तिचे वडील म्हणाले, "तुला काय इचारायचं असलं तर इचार गं." अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणतात. हिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"फोटो काढताना कुणावर चिडला होता?"

अण्णा खाली बघून हसायला लागले. मला खोटं सुचलं नाही.

"आमच्या वहिनींवर," मी म्हणालो. "लाईट चुकीच्या जागी ठेवला होता त्यांनी. निम्मं तोंड दिसलंच नाही."

तिनं भिंतीवरच्या चुलतभावाकडं एकदा बघितलं, आणि बशी उचलता उचलता म्हणाली, "चुकला न्हाई. सगळंच दिसलं असतं तर बघायला कशाला बोलावलं असतं?"

बशी घेऊन ती आत गेली. लग्न ठरलं ते तिथंच. पण मी ओसरीवर पोह्यांचा चमचा हातात धरून बसलो होतो, कारण माझ्या होणाऱ्या बायकोनं, वहिनींचं तोंडसुद्धा न बघता, त्यांची बाजू घेतली होती. ती तिनं अजून सोडलेली नाही. इतक्या वर्षांत तिचा एकही चांगला फोटो मी काढलेला नाही. मी कॅमेरा उचलला की ती पदर सावरून उठते आणि म्हणते, थांबा, वहिनींचा सैपाक उरकला का बघून येते.